मामा किती खोल आहे?

“मॅडम, तुमचा स्वतःचा लाइफ कोच कोन हाये?”

प्रश्न उर्वशीचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणींचा, मेघा आणि प्रतिक्षाचा होता, उर्वशीनं त्याला फक्त आपलं तोंड दिलं होतं. पैज अशी लागली होती, की नागपूरच्या कामिनी मॅडमना तिनं हे सरळ विचारून दाखवलं तर दोघी मिळून तिला बसस्टँडवरचा आलुबोंडा खाऊ घालणार, वर तर्री ओतून. आता त्या दोघी दुकानातल्या सतरंज्यांच्या थप्पीमागे एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून बसल्या होत्या आणि थप्पी हलत होती.

फोनमध्ये कामिनी मॅडम हसल्या. हसण्याआधी त्यांनी नाकानं एक लांब श्वास आत घेतला, थोडा वेळ सांभाळला आणि मग हळूच सोडून दिला.

“खूप सुंदर प्रश्न आहे, बाळा. प्रत्येक कोचला एक कोच असतो. माझे कोच दिल्लीला असतात. अरोरा सर.”

बाजूलाच सतरंजीवर उर्वशीचे बाबा बसले होते, तेजराम लांजेवार. पोरीनं आगाऊपणा केला म्हणून ते डोळे वटारायच्या बेतात होते, तेवढ्यात ‘दिल्ली’ कानावर पडलं आणि डोळे अर्ध्यातच थांबले. फोन बंद झाल्यावर ते म्हणाले, “म्हंजे ह्या बाई मधातल्या निघाल्या. माल दिल्लीचा हाये. मंग आपन थेट वरूनच काहून नाही घ्यायचा?”

तेजराम असाच विचार करत. सानगडीच्या बाजारात त्यांचं ‘लांजेवार बिछायत केंद्र’ होतं. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, लाउडस्पीकर, कोणाकडे काही कार्य निघालं की लोक त्यांच्याकडेच येत. आणि त्यांनी जन्मात कधी मधल्या व्यापाऱ्याकडून सतरंजी घेतली नव्हती. जिथं विणतात तिथं जायचं आणि उचलून आणायची. तसंही नागपूर त्यांच्या मनात थोडं खटकतच होतं. “उपराजधानी हाये ते,” ते म्हणत. “उपसरपंचासारखं. खुर्ची असते, सही चालत नाही.”

लाइफ कोच ही वस्तू घरात आणली विनोदमामानं. विनोदमामा म्हणजे उर्वशीच्या आईचा धाकटा भाऊ. साकोलीला त्याचं मोबाईलचं दुकान होतं, त्यामुळे जगात काय नवीन निघालं हे सानगडीला त्याच्या तोंडून कळायचं. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी पेढा तोंडात असतानाच तो म्हणाला होता, “भाऊजी, आता पोरीले ट्यूशन नाही, कोच लागते.”

“कायले? आपली उर्वशी कबड्डी कुठं खेळते?”

“कबड्डीचा नाही गा भाऊजी. जिंदगीचा.”

आता निकाल वाईट लागला असता, तर कोणी काही विचारलं नसतं. पण उर्वशीला इतके चांगले मार्क पडले की घरात चिंता पसरली. ज्याला कमी पडतात त्याला रस्ता एकच असतो. हिचं काय करायचं? तेजरामचं उत्तर तयार होतं: नागपूरचं होस्टेल, सायन्स, नीट, डॉक्टर. कोच हवा होता तो उर्वशीला हे उत्तर पटवून द्यायला.

आणि त्यामागे कारण होतं. तेजरामनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्टेजवर सतरंजी अंथरली होती. खुर्च्या मांडल्या, टॉवेलनं पुसल्या आणि खाली उतरून मागे उभे राहिले. त्या खुर्च्यांवर कोण येऊन बसतं हे त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. आमदार बदलतात, सभापती बदलतात, पण डॉक्टरची खुर्ची कायम. रक्तदान असो की कुस्ती, शाल डॉक्टरच्याच खांद्यावर पडते. “एक दिवस आपली पोरगी त्या खुर्चीवर बसन,” ते आईला सांगत, “आन ती खुर्ची मी पुसून ठेवीन.” असं कोणी म्हटल्यावर त्याला नाही कसं म्हणायचं?

उर्वशीला ते म्हणता येत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. बाकी तिला आता सगळं म्हणता येत होतं. मागच्या वर्षापर्यंत ती वर्गात ‘हजर’ इतक्या बारीक आवाजात म्हणायची की सर गैरहजेरी लावायचे. मग दिवाळीनंतरची मंडई आली, म्हणजे गावची जत्रा. सगळ्या पंचक्रोशीचे पाहुणे, पाळणे, चिवड्याची दुकानं, आणि लाउडस्पीकर अर्थातच लांजेवारांचा. माइकवरचा माणूस जेवायला गेला होता आणि स्टेजजवळ लाल फ्रॉकमधली एक बारकी पोर आईसाठी गळा काढून रडत होती. उर्वशी वायर गुंडाळायला आलेली. आजूबाजूला कोणी दिसेना, तर तिनंच माइक उचलला. “लाल फ्रॉक घातलेली एक लहान मुलगी सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी स्टेजजवळ येऊन ओळख पटवून घेऊन जावं.” तिचा आवाज एकदम सगळ्या भोंग्यांतून बाहेर पडला, पाळण्यांच्या वरून गेला आणि परत आला. उर्वशीला तो आवाज फार आवडला. पोरीची आई धावत आली, पण उर्वशीनं माइक काही ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत तिनं हरवलेल्या चपला, सापडलेल्या चाव्या आणि चुकलेले आजोबा जाहीर केले.

तेव्हापासून तिला एकच पाहिजे होतं. माइक. आपल्याच शाळेत कला शाखा घ्यायची, मराठी, इतिहास, वक्तृत्वाच्या स्पर्धा, आणि पुढे निवेदनाचंच काम करायचं. मेघा आणि प्रतिक्षाला हे तोंडपाठ होतं. गावाबाहेरच्या तलावावरच्या बगळ्यांनासुद्धा पाठ होतं, कारण उर्वशी पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी राहून रोज त्यांच्यापुढे सराव करायची. माहीत नव्हतं ते फक्त बाबांना. बाबा समोर आले की तिच्या माइकची वायर निघायची.

“तू बोलत काहून नाही वं?” प्रतिक्षा वैतागायची. “साऱ्या मंडईले सांगते, बापाले नाही सांगत.”

“कोच विचारन ना,” उर्वशी म्हणायची. “कोचचं कामच ते हाये. ‘तुला काय व्हायचंय?’ असं विचारते तो. बाबा बाजूलेच बसून असतात. मी कोचले सांगीन, बाबा ऐकतीन. झालं.”

पण कामिनी मॅडमनी विचारलं, तुझ्या मनातल्या लहान मुलीचा रंग कोणता आहे. उर्वशी म्हणाली, सावळा. कॉल संपला.

दिल्लीचे अरोरा सर तर तिला बोलूही देत नव्हते. त्यांचाही पहिला कॉल फुकट होता. सकाळी किती वाजता उठते, थंड पाण्यानं अंघोळ करते का, आरशात बघून स्वतःला काय म्हणते, असं ते विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे. तेजराम हात जोडून ऐकत होते, कारण हिंदीत सांगितलेली गोष्ट त्यांना सरकारी वाटायची. शेवटी मेघानं थप्पीमागून उर्वशीला चिमटा काढला. पैजेतला आलुबोंडा खाऊन झाला होता, पण प्रश्नाची चटक लागली होती.

“सर, आपका खुद का लाइफ कोच कौन है?”

“बेटा, बहुत गहरा सवाल है,” अरोरा सर म्हणाले. “मेरे कोच मुंबई में हैं. कौस्तुभ सर.”

तेजरामनी मांडीवर थाप मारली. “पाहा. दिल्लीवाला बी मधातलाच.”

अशा रीतीनं लांजेवार कुटुंब उपराजधानीवरून देशाच्या राजधानीला आणि तिथून राज्याच्या राजधानीला पोचलं, सतरंजीवरून न उठता.

मुंबईचा कॉल आला तो नेमका आठवडी बाजाराच्या दिवशी. उर्वशीची आई, रुखमिणी, त्या दिवशी शेतावर गेली नव्हती. “नागपूर नाही ऐकलं, दिल्ली नाही ऐकलं, हे तरी मले ऐकू द्या,” ती म्हणाली. फोनचा आवाज बारीक. तेजराम म्हणाले, आवाजाची का कमी हाये आपल्या घरी? आणि त्यांनी फोनला वायर लावून ती ॲम्प्लिफायरमध्ये खोचली. दुकानातला स्पीकरचा डबा गरजला. एवढंच, की सकाळी ग्रामपंचायतीची सूचना देण्यासाठी छपरावरच्या भोंग्याचं बटण चालू केलं होतं, ते बंद करायचं राहून गेलं होतं. आत बसलेल्यांना डब्याच्या आवाजापुढे भोंगा कळला नाही. बाजाराला कळला. फक्त बाजाराला सरांचीच बाजू ऐकू येत होती. उर्वशी बोलत होती फोनमध्ये.

कौस्तुभ सरांचा आवाज तूप लावलेल्या पोळीसारखा होता. “उर्वशी, डोळे मिट. आता अशा ठिकाणी जा, जिथं तुला सगळ्यात शांत वाटतं. कुठं आहेस तू?”

उर्वशीनं डोळे मिटले. पाळ दिसली, पाणी दिसलं, बगळे दिसले.

“मामावर,” ती म्हणाली.

आता हे सांगायला पाहिजे, की त्या भागातले जुने तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातले. मालगुजार गेले, तलाव राहिले. कागदावर ते झाले ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि एवढं लांबलचक कोण म्हणणार, म्हणून पेपरवाल्यांपासून साहेबांपर्यंत सगळे म्हणू लागले ‘मामा तलाव’. शाळेतल्या पोरींनी तर तलावही गाळून टाकला होता. भंडारा जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मुंबई भंडारा जिल्ह्यात नाही.

“मामा,” सर हळुवारपणे म्हणाले. “मामाजवळ तुला सुरक्षित वाटतं?”

“हो सर. पन पावसाळ्यात भेव लागते.”

“पावसाळ्यात मामाची भीती वाटते. का बरं?”

“भरते ना तो.”

“भरून येतं मामांना. आणि मग?”

“काई सांगता येत नाही सर. मांगं एकदा फुटला होता.”

“मामा फुटला,” सर म्हणाले, आणि छपरावरचा भोंगाही म्हणाला. “सगळ्यांसमोर?”

“साऱ्या गावासमोर. घराघरात पानी.”

“प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी,” सरांनी बहुतेक लिहून घेतलं. “मामाला तेव्हा कोणी आवरलं नाही?”

“पाटबंधारेवाले आले होते. माती टाकून गेले.”

उर्वशीला तर गहिवरून येत होतं. एवढ्या दूर बसलेला माणूस आपल्या तलावाची किती आपुलकीनं चौकशी करतो. तेजरामनीही आईकडे पाहून मान हलवली. माणूस अभ्यासू आहे.

“उर्वशी, मला एक सांग,” सर म्हणाले. “मामा किती खोल आहे?”

“कोनाले ठाव नाही सर. गाळ लय हाये.”

“मनात गाळ साचलाय. बरं, घरी सध्या कसं वातावरण आहे?”

“रोवना चालू हाये.”

धानाची रोपं चिखलात लावायची, त्याला तिकडे रोवणा म्हणतात. सरांना ‘रोना’ ऐकू आलं.

“घरात रडणं चालू आहे? कोण रडतं, आई?”

“आई, बाजूच्या बाया, लय जनी. सकाळीच जातात, संध्याकाळी येतात. गाने म्हनत म्हनत.”

“गाणी म्हणत म्हणत,” सर पुटपुटले. मग त्यांनी आवाज बदलला. “पालक आहेत का तिथं? ऐका. मी स्पष्ट बोलतो. तुमच्या मुलीच्या प्रगतीच्या वाटेत एकच अडथळा आहे, मामा. सगळ्या घराला या माणसानं रडवलंय. मामाचा विषय आता कायमचा संपवावा लागेल.”

तेजराम घाबरले. “साहेब, मामा संपला तर आमी जगू कशावर?”

“तुम्ही मामावर जगता?”

“सारं गाव जगते साहेब.”

आता बाजारात काय चाललं होतं ते पाहा. विनोदमामा साकोलीवरून खास बाजाराला आला होता आणि कौशल्याबाईच्या दुकानापुढे उकिडवा बसून वांगी निवडत होता. भोंगा म्हणाला, ‘पावसाळ्यात मामाची भीती वाटते.’ कौशल्याबाईचा तराजू थांबला. भोंगा बिछायत केंद्राचा, म्हणजे मामा लांजेवारांच्या पोरीचा, म्हणजे समोर बसलेला हा. भोंगा म्हणाला, ‘मामा फुटला.’ मिरचीवाल्यानं मान वळवली. ‘मनात गाळ साचलाय’, तेव्हा आजूबाजूला रिकामी जागा तयार झाली. ‘सगळ्या घराला या माणसानं रडवलंय’, तेव्हा कौशल्याबाईनं विनोदच्या हातातली वांगी काढून परत टोपल्यात ठेवली.

“बहिणीले रडवते काय रे,” ती म्हणाली. “जा तिकडं.”

विनोदमामा दुकानात शिरला तेव्हा त्याचा चेहरा वांग्याच्याच रंगाचा झाला होता. “भाऊजी, म्या काय केलं?” तो दारातूनच म्हणाला. “ताई, तूच सांग. म्या तुले कधी रडवलं?”

“तुले कोन काय म्हनलं?” आई गोंधळली.

“सारा बाजार म्हनून राहिला. मामा फुटला, मामाचा विषय संपवा. भोंगा चालू हाये तुमचा.”

सगळ्यांनी वर पाहिलं. मग बटणाकडे. थप्पीमागून असा आवाज आला, जसा कोणाच्या तरी नाकातून चहा बाहेर आला असावा.

फोनमधून सर म्हणाले, “हेच का ते मामा? उत्तम. आपण सगळ्यांचं एकत्र सेशन घेऊ.” हेही बाजारानं ऐकलं.

“सर,” उर्वशी म्हणाली, “मामा म्हंजे तलाव हाये. माजी मालगुजारी. पान्याचा तलाव.”

तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“म्हणजे मामा हा एक जलाशय आहे?”

“हो सर.”

“तरीसुद्धा,” सर सावरले, “तलाव हेही एक प्रतीकच असतं. मामाच्या रूपानं…”

“तुमचं प्रतीक मायंदाळ झालं,” आई मध्येच म्हणाली. तिचा आवाज एरवी चढत नसे. “माह्या भावाले साऱ्या बाजारात फोडलं तुमी. आता तो इथं तोंड दाखवन कसा?”

उर्वशीनं फोन जवळ ओढला. आता ना मेघाचा चिमटा होता ना आलुबोंडा. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“सर, एक सांगा. तुमचा कोच कोन हाये?”

“माझ्या कोच नागपूरला असतात,” सर जरा कडक आवाजात म्हणाले. “कामिनी मॅडम.”

फोन बंद झाला. तेजराम खाली सतरंजीकडे बघत राहिले. जिथं विणतात तिथं जायला ते निघाले होते, आणि फिरून त्याच दुकानापुढे येऊन उभे होते.

“म्हंजे नागपूरवालीले दिल्लीवाला शिकवते,” ते हळूहळू म्हणाले, “त्याले मुंबईवाला, आन मुंबईवाल्याले पुन्हा नागपूरवाली. मंग सुरुवात कोनं केली?”

“माहंच चुकलं भाऊजी,” विनोदमामा म्हणाला. “पन तो सवाल मंगचा. आधी बाजाराले सांगा, की मी तो नव्हे. नाहीतर मी बसस्टँडपर्यंत जाऊ शकत नाही.”

तेजरामनी माइक उचलला, फुंकर मारली, तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांसाठी आयुष्यभर माइक लावणाऱ्या त्या माणसाला स्वतः त्यात काय बोलायचं ते कधी सुचलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माइक पोरीपुढे धरला.

“तू बोल,” ते म्हणाले. “तुले जमते ते.”

उर्वशी बाबांकडे बघतच राहिली. हे त्यांना माहीत होतं तर. तीन राजधान्यांत कोणी विचारलं नव्हतं आणि इथं घरच्या घरी माहीत होतं. तिनं माइक घेतला. माइक हातात आला की तिची भाषा इस्त्री करून यायची.

“सानगडीच्या बाजारातील सर्व बंधू-भगिनींनी इकडे लक्ष द्यावं. आत्ता भोंग्यावर ज्या मामाचं नाव निघालं, तो मामा म्हणजे आपला तलाव. विनोदमामा यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. विनोदमामा भरत नाहीत, फुटत नाहीत आणि त्यांच्यात गाळही नाही. कौशल्याबाईंनी त्यांची वांगी त्यांना द्यावी, ही विनंती.”

बाहेर बाजार हसला. ते हसणं पत्र्याच्या दारातून आत आलं. विनोदमामानं रुमालानं घाम पुसला. आईनं हात पुढे केला, माइक ठेव म्हणून. उर्वशीनं तो ठेवला नाही.

“दुसरी सूचना. तेजराम लांजेवार आणि रुखमिणी लांजेवार जिथं कुठं असतील तिथून त्यांनी लक्ष द्यावं.”

दोघं हाताच्या अंतरावर उभे होते. तेजरामचा हात बटणाकडे गेला आणि बटणावरच थांबला. थप्पीमागून मेघा आणि प्रतिक्षाची डोकी वर आली.

“त्यांची मुलगी उर्वशी सापडली आहे. ती नागपूरच्या होस्टेलला जाणार नाही. अकरावीला ती आपल्याच शाळेत कला शाखा घेणार आहे, आणि यंदाच्या मंडईत माइक तिच्याच हातात राहणार आहे. बाबांनी खुर्च्या खुशाल पुसून ठेवाव्यात. त्यांच्यावर कोणी बसायचं, ती नावं आता उर्वशी पुकारेल. पहिलं नाव बाबांचंच असेल. मुलगी बिछायत केंद्रात उभी आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावं.”